माझ्या डोक्यावरची मुडी

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता भिंतीला चिकटलेला चपटा टीव्ही आला असेल. मी तसा नाही. मी पाठीला पोक असलेला, जुना, पेटीसारखा टीव्ही आहे. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वर एक वाडी आहे. तिथे येसूबाईच्या घरात, खिडकीजवळच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्यावर चित्र दिसायचं बंद झालं, त्याला वर्ष होत आलं. तरी मला कुणी भंगारात दिलेलं नाही. उलट माझ्या डोक्यावर पेंढ्याची एक गोल मुडी ठेवलेली आहे आणि ती पडू नये म्हणून सुंभाने बांधलेलीही आहे.

ही मुडी कुणाची आणि ती माझ्याच डोक्यावर का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. घाई असेल त्यांनी खुशाल उठावं. मला काही कुठे जायचं नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या आठवणी फारशा नाहीत. एकाने काच बसवली, दुसऱ्याने तारा जोडल्या, तिसऱ्याने पाठ लावली आणि चौथ्याने खोक्यात घातलं. मला प्रेमाने पहिला हात लागला तो मस्कतच्या दुकानात. तुडीलचा अजमल तिथे गाडी चालवायचा. त्याने चार टीव्ही बघितले, माझी काच बोटाने टिचकी मारून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाला, "ह्यो द्या. ह्याची मान ताठ हाय." एकोणीसशे त्र्याण्णव साली मी विमानातून मुंबईला आणि तिथून गोवा रस्त्याने महाडला आलो. सावित्रीच्या काठी तुडील गावात अजमलचं घर होतं. त्याची बायको खतीजा हिने मला पुसलं, माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि माझा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला. ती पिशवी पुढे रिमोटपेक्षा जास्त टिकली.

अजमल सुट्टी संपली की परत मस्कतला जायचा. तिकडून तो मधूनमधून व्हिडिओ कॅसेट पाठवी. कॅसेट लावली की माझ्या काचेत अजमल दिसे, शाळेच्या फोटोला बसावा तसा ताठ. "कसे हाव सगळी? आपला उबेद शाळंत जातो ना?" असं तो विचारी. खतीजा लगेच उत्तर देई. "जातो, पण गणितात कच्चा हाय. छपराची कौलं बदलायची ऱ्हायलीत." तोवर अजमल पुढच्या वाक्यावर गेलेला असे. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. खतीजा त्यांना म्हणायची, "त्याला ऐकू येत नाय, म्हाईत हाय मला. मी आपली बोलून घेते."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, पण मला ते कुणाला सांगता येत नव्हतं.

त्या घरी वर्षातून एकदा येसूबाई यायची. तिच्या डोंगरावरच्या खाचरांत तांबसाळ नावाचं भात पिकतं. तांदूळ लाल, जाडसर आणि चवीला गोड. खतीजाला भाकरीसाठी तेच पीठ लागे. पहिल्यांदा दोघी महाडच्या बाजारात भेटल्या, घासाघीस करता करता भांडल्या आणि मग दरवर्षीच्या होऊन गेल्या. येसूबाई तांदूळ घेऊन आली की चहा व्हायचा. बशीतला चहा ओठाशी नेता नेता ती माझ्याकडे बघत बसे. चहा गार व्हायचा, पण डोळे हलायचे नाहीत.

दोन हजार पाचच्या जुलैत सावित्री गावात शिरली. अजमल तेव्हा मस्कत कायमचं सोडून आला होता आणि टेम्पो चालवत होता. पाणी ओट्यावर चढायच्या आत त्याने मला पोटमाळ्यावर ढकललं, म्हणून मी वाचलो. खाली काय काय वाहून गेलं ते सांगत नाही. खतीजाच्या नदीकाठच्या खाचरात मात्र कमरेइतका गाळ बसला. उभं भात गेलं आणि पुढच्या सालाला पेरायला बी उरलं नाही.

ही गोष्ट येसूबाईच्या कानावर गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती एसटीने महाडला उतरली आणि काखेत एक लहान मुडी घेऊन तुडीलला आली. मुडी म्हणजे पेंढ्यात बियाण्याचं भात भरून, सुंभाने गच्च आवळून केलेला गोळा. असा गोळा चुलीच्या धुरात टांगला की बियाला किडा लागत नाही. मुडी बघून खतीजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने पैसे काढले. येसूबाईने ते ढकलले.

"आमच्यात बी विकत नाय, भाभी. बी द्यायचं. विकलं तर घराची बरकत जाते, असं माझी सासू सांगायची."

"मग मी काय देऊ?"

"पिकलं तर कधीतरी परत दे. नाय पिकलं तर चहा दे."

खतीजा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. उबेद आता बाहेरगावी कमावता झाला होता आणि त्याने घरी मोठा नवा टीव्ही पाठवला होता. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग ह्याला घेऊन जा. तू बियाचे पैसे घेत नाय, मी टीव्हीचे घेत नाय."

असा मी बियाच्या बदल्यात उमरठला आलो. अजमलच्या टेम्पोने रस्ता संपेपर्यंत आणलं. तिथून वाडीपर्यंत पाऊलवाट होती. येसूबाईचा नवरा कोंडाजी खाली उतरून आला. त्याने डोक्यावर चुंबळ ठेवली, मला उचललं आणि चढण चढला. त्याचा उजवा गुडघा दुखतो हे मला त्याच्या पावलांवरून कळलं. घरी पोचल्यावर मला फळीवर ठेवून तो एवढंच म्हणाला, "जड हाय, पण चांगला हाय." माझ्या आयुष्यात माझी इतकी नेमकी तारीफ कुणी केली नाही.

वाडीत मी पहिला रंगीत टीव्ही. संध्याकाळी ओटीवर माणूस मावत नसे. दिवाळीला येसूबाईचा मुलगा दीपेश आणि सून सोनाली मुंबईहून आले आणि दीपेशने छपरावर छत्री बसवली. छत्री म्हणजे ती आकाशाकडे तोंड करून बसणारी थाळी. तिच्यामुळे माझ्यात एकदम कितीतरी माणसं राहायला आली. गाणारी, रडणारी, स्वयंपाक करणारी, भांडणारी. आणि काही वर्षांनी त्यांतच एके सकाळी वैभवनाथ महाराज आले.

पहाटेच्या कामांनंतर आणि भारनियमनात वीज जायच्या आधी त्यांचा कार्यक्रम असे. सोनेरी खुर्ची, मागे फुलांची भिंत, बोटांत ठळक अंगठ्या. चेहरा मात्र प्रेमळ, हे कबूल केलं पाहिजे. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा मला एकट्यालाच सांगतोय. ते म्हणत, "भक्तहो, तुम्ही गरीब राहावं अशी परमेश्वराची मुळीच इच्छा नाही. त्याची कृपा अखंड बरसते आहे. तुमच्या घागरीला शंकेचं भोक आहे, म्हणून ती भरत नाही. माझ्या चरणी दिलेलं वाढून परत येतं." मग एकेक भक्त उभा राहून सांगे. कुणाची एकाची दोन दुकानं झाली, कुणाला गाडी मिळाली, कुणाचा परदेशचा व्हिसा आला. खाली महाराजांचा सिद्ध कलश मागवण्यासाठी फोन नंबर सरकत असे.

येसूबाई भोळी नव्हती. बाजारात तिला कुणी मापात फसवून दाखवावं! पण त्या साली तिच्या जिवाला एक घोर लागला होता. शिमग्याला आलेला दीपेश जाताना ओटीवर बसून म्हणाला होता, "आय, तीन वर्षं भात पोटापुरतंबी येत नाय. बाबांचा गुडघा बघ. या साली धड पिकलं नाय तर बास झालं. खाचरं पडीक टाका नि आमच्याकडं चला." तो रागाने बोलला नव्हता, काळजीने बोलला होता. म्हणून तर त्याला उत्तर देता येत नव्हतं. येसूबाईला वाडी सोडायची नव्हती. सासूने राखलेलं तांबसाळ तिच्या हयातीत संपावं, हे तर तिला सहनच होत नव्हतं. वाडीत बाकी सगळे सुधारित बियाण्याकडे वळले होते. तांबसाळ तिच्याच एका घरात उरलं होतं.

ती महाराजांसमोर हात जोडून बसायची आणि बोलायची. "महाराज, आमची खाचरं डोंगराला हायत. पाणी थांबत नाय. काय करावं?" महाराज तेव्हा फ्लॅटबद्दल सांगत असायचे. ती वाट बघायची. ते पुढच्या भक्ताकडे वळायचे. मित्रांनो, मी तिचा शब्द न् शब्द ऐकत होतो. माझ्या आतला माणूस ऐकत नव्हता.

एकदा तिने कोंडाजीला विचारलंही, "अवो, ह्यांच्या भक्तांत शेतकरी कोण नाय काय? रोज दुकानवालेच उभे ऱ्हातात."

कोंडाजी विळ्याला धार लावत होता. "अगो, त्या माणसाच्या पायाला कधी चिखल दिसला काय? बोलाचीच कढी नि बोलाचाच भात."

येसूबाईला हे झोंबलं. शंका तिच्या मनात आली ती चालली, पण नवऱ्याने बोलून दाखवलेली तिला चालली नाही. माणसांचं असंच असतं. त्या दिवशी कोंडाजीला चहात साखर कमी पडली.

अक्षय तृतीया आली. महाराजांनी आधीपासून सांगून ठेवलं होतं की, त्या दिवशी ते टीव्हीतून संकल्प सोडणार. ज्याची वाढ व्हावी असं वाटतं ते टीव्हीसमोर ठेवा. शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. मग त्या पाण्याचा शिपका रोज सकाळी त्या वस्तूवर द्या. शंका न धरता द्या.

लोकांनी काय काय ठेवलं असेल देव जाणे. गल्ले, दुकानाच्या किल्ल्या, बँकेची पुस्तकं. शेजारची जानकीबाई आपली शेळीच घेऊन आली. "हिला पिल्लं होऊ देत," म्हणाली. शेळीने महाराजांकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिने माझ्यापुढची झेंडूची फुलं खाल्ली आणि येसूबाईने तिला काठी दाखवताच ती जानकीबाईला ओढत अंगणात गेली.

येसूबाईने खूप विचार केला. आपल्या घरात वाढणारी वस्तू कोणती? तिने चुलीवरच्या माळ्यावरून बियाण्याची मुडी खाली काढली, कोंडाजीचं धोतर घडी करून त्यावर ती माझ्यासमोर ठेवली आणि तांब्याभर पाणी बाजूला ठेवलं. शहरातल्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती मित्रांनो. गल्ल्यावर पाणी शिंपडलं तर गल्ला पुसता येतो.

रोज सकाळी ती मुडीचं तोंड थोडं सैल करी आणि पाणी शिंपडे. आत पोचावं म्हणून हळूच दोन शिपके जास्त देई. कोंडाजीने दुसऱ्या दिवशी बघितलं.

"अगो, काय करतेस? बियाला पाणी पेरताना. आधी नाय."

"आशीर्वादाचं पाणी हाय."

"पाणी ते पाणी. मुडी परत धुरात टांग. ऐक माझं."

येसूबाई उठून उभी राहिली. "तुमच्या असल्या शंकेपायीच या घरात काय टिकत नाय. पोरगा बोलला तो तुम्हाला लागला नाय, मला लागला."

कोंडाजीला ते फार लागलं होतं. मी फळीवरून त्याचा चेहरा बघत होतो, म्हणून सांगतो. तो टोपी घालून राब भाजायला, म्हणजे रोपांची जमीन पालापाचोळ्याने भाजायला, निघून गेला. त्यानंतर त्याने मुडीचं नाव काढलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मला बटण असतं, पण ते दुसऱ्यांच्या हातात असतं.

उन्हाळा तापत गेला. मुडी माझ्यासमोर तशीच होती. तिला हळूहळू एक आंबूस वास यायला लागला. येसूबाईने तिथे उदबत्ती लावायला सुरुवात केली.

रोहिणी लागल्या. राब भाजून झाला, जमीन तयार झाली आणि पेरायचा दिवस ठरला. कोंडाजीने मुडी ओटीवर नेली, माझ्या खिडकीच्या समोर, आणि सुंभ सोडलं. पेंढा बाजूला करताच वाफ आली. त्याने आत हात घातला आणि तसाच थांबला.

"बघ," तो म्हणाला. "गरम हाय."

दाणे एकमेकांना चिकटून ढेपा झाल्या होत्या. काहींना पांढरे कोंब फुटून ते आतल्या आत पिवळे पडले होते, काहींवर काळी बुरशी होती. येसूबाई खाली बसली आणि तळापर्यंत हात घालून कोरडा दाणा शोधू लागली. मिळाला नाही. "मी सांगितलं होतं" असं कोंडाजी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो, तीही बघत असावी. त्याने घरातून सूप आणलं, ढेपा फोडल्या आणि अंगणात उन्हात बसून एकेक दाणा निवडायला लागला.

आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त माझ्या खिडकीशी येते. येसूबाई तिथे उभी राहिली आणि माझ्या काचेवर रोज सरकणारा, तिला आता पाठ झालेला नंबर तिने लावला. एका मुलीने उचलला. आवाज गोड होता. येसूबाईने सगळं सांगितलं. मुलीने विचारलं, भांडं तांब्याचं होतं की स्टीलचं? सिद्ध कलश घेतला होता का? कलशाशिवाय संकल्प अपुरा राहतो. मग तिने विचारलं, "ताई, घरात कुणी शंका घेणारं आहे का?"

येसूबाईने खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात कोंडाजी दुखरा पाय लांब करून, सूप मांडीवर घेऊन बसला होता. नासलेल्या बियातला एक दाणा त्याने उचलला, उन्हात धरून बघितला, आणि टाकून दुसरा उचलला.

"हाय," येसूबाई म्हणाली. "एक हाय. त्याचं ऐकलं असतं तर बी वाचलं असतं."

मग तिनेच मुलीला विचारलं,

"बाय, तू कधी भात पेरलंस काय?"

"ताई, कलश पाठवू का?"

येसूबाईने फोन ठेवला. मग ती बाहेर गेली आणि कोंडाजीशेजारी बसून दाणे निवडू लागली. शेवटी ती म्हणाली, "मी तुम्हाला बोलले, ते बोलायला नको होतं." कोंडाजीने सुपातली अर्धी ढेप तिच्याकडे सरकवली. त्यांच्यात एवढ्यावर भागतं.

दुसऱ्या सकाळी तिने मला ठरल्या वेळी लावलं. हात जोडले नाहीत. तांदूळ घेताना मूठभर हातावर पसरून खडे बघतात ना, तशी ती एकेक वाक्य बघत होती. महाराज म्हणाले, "ज्यांना फळ मिळालं, त्यांनी माझ्या संकल्पाचे आभार माना. ज्यांना मिळालं नाही, त्यांनी दोष स्वतःच्या मनात शोधा."

"म्हणजे बरं झालं तर तुझं," येसूबाई माझ्या काचेकडे बघत म्हणाली, "नि वाईट झालं तर आमचं. चांगलं हाय की रे!"

तिने बटण दाबलं. महाराज तोंड उघडं असतानाच विझले. मित्रांनो, इतकी वर्षं मी लागलो आणि बंद झालो, पण बंद होण्यात इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

समाधानाने शेत मात्र पेरलं जात नाही. सुधारित बियाणं पोलादपुरात मिळालं असतं, पण ते तांबसाळ नव्हतं. बी मागायचं तर कुणाकडे? वाडीत ते कुणाकडे उरलंच नव्हतं. खतीजाला दिलेलं गाळात रुजलं की नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं; दिलेल्या बियाचा हिशेब मागायचा नसतो. दीपेशला फोन करायला येसूबाई धजत नव्हती, कारण तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. राब तयार होता, मोकळा.

मी इथे आल्यापासून पावसाआधी एकदा खतीजा येसूबाईला भेटायला येते. त्या साली ती अजमलबरोबर आली, चढण चढून धापा टाकत. दारात पाय ठेवताच तिने येसूबाईचं तोंड बघितलं.

"काय झालं गो? कोण आजारी हाय?"

येसूबाईने सांगितलं. माझ्याकडे बोट दाखवत, अडखळत, सगळं सांगितलं. शेळीचंही सांगितलं. खतीजा आधी हसली, मग हसायची थांबली.

"येसूबाय, मी या टीव्हीत माझ्या घरवाल्याशी बोलायची. कौलं बदला म्हणून तीन वर्षं सांगत होते. घरचा माणूस काचेतून ऐकत नाय, तिथं हा परका काय ऐकणार?"

अजमल दारातून म्हणाला, "आता बदलली ना कौलं?"

"तुम्ही गप ऱ्हावा," खतीजा म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आमच्यातपण असले निघालेत गो. सीडी घेऊन फिरतात. माझ्या भावजयीने पाणी फुंकून घेतलं नि डॉक्टरची गोळी बंद केली. पार आडवी झाली होती. सगळीकडं सारखंच हाय." आणि एकदम तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाई, पण बी! माझ्याकडं हाय की!"

"काय हाय?"

"तांबसाळ! तू दिलेलं. गाळ काढून पेरलं, तवापासून दर साली पेरते. आमच्या काठाला तर असं फोफावतं! गेल्या साली पसाभर जास्तच ठेवलं."

येसूबाईने तिचे दोन्ही हात धरले. माझ्या काचेत दोघींची सावली पडली होती. बंद टीव्हीच्या काचेत समोरचं घर दिसतं, तुम्ही कधी पाहिलंय का?

दुसऱ्याच दिवशी अजमल मुडी घेऊन आला. ओटीवर सोडली तेव्हा दाणे कोरडे, खडखडीत, धुराचा वास असलेले निघाले. कोंडाजीने दाताखाली एक फोडला आणि मान हलवली. माप घेतलं तर येसूबाईने दिलं होतं त्याहून शीग लावून जास्त भरलं.

कोंडाजी कधी नव्हे तो मिश्कील झाला. "बघ गो. दिलेलं वाढून परत आलं. महाराज खरं बोलत होता."

"त्याला कुठं दिलेलं मी?" येसूबाई म्हणाली. "हे भाभीला दिलेलं. नि वाढायला म्हणून नाय दिलेलं. तिच्याकडं नव्हतं म्हणून दिलेलं."

त्या साली भात काही दुप्पट आलं नाही. चमत्कार झाला असता तर मला सांगायला आवडलं असतं, पण मी आता खोटं दाखवत नाही. बऱ्या पावसाला जितकं यायचं तितकं आलं. कापणीला दीपेश आणि सोनाली आले. आपल्या हाताने कणगी भरून झाल्यावर दीपेश घाम पुसत म्हणाला, "धड आलं म्हणायचं की, आय. पण पुढल्या सालाचं काय?"

"पुढल्या सालीपण पेरणार," येसूबाई म्हणाली. "खाचरं पडीक टाकली नि खाली सावित्री परत चढली, तर खतीजाभाभीला बी कोण देईल? नि इथं माझी मती परत फिरली तर मला कोण देईल?"

दीपेश कणगीचं तोंड झाकू लागला. सोनाली मात्र हसली आणि म्हणाली, "आई, मला मुडी बांधायला शिकवा." तिचा पहिला गोळा इतका वाकडा झाला की कोंडाजीने तो मांजराला बसायला दिला. दुसरा बरा जमला.

माझं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. येसूबाईने माझ्यावर राग धरला नाही. ती मालिका बघायची, हवामान बघायची, आणि कुणी अंगठ्या घातलेला माणूस हात वर करून बोलू लागला की "भात पेरलंस काय रे कधी?" असं विचारून बटण दाबायची. गेल्या पावसाळ्यात एका रात्री खिडकी उघडी राहिली, माझ्या आत ओल शिरली, चित्र आडवं झालं, मग बारीक झालं, मग एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. महाडचा दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. दीपेश मला टाकून द्यायला निघाला तेव्हा कोंडाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी आणलाय त्याला डोक्यावरनं."

म्हणून मी आहे. मित्रांनो, तुमच्या घरातल्या टीव्हीची धूळ पुसत जा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि त्याच्यातला माणूस गोड बोलून तुम्हाला काही करायला सांगू लागला, तर त्याला एक प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर उठा आणि तोच प्रश्न घरातल्या कुणाला तरी विचारा. तो माणूस तुम्हाला आवडणारं उत्तर देणार नाही कदाचित. पण त्याला ऐकू येतं.

आता मुडीचं. येसूबाई दरवर्षी दोन मुड्या बांधते. एक चुलीवरच्या माळ्यावर, घरची. ती धुरात काळी झाली आहे. तिथे दुसरीला जागा पुरत नाही आणि घरात त्याखालोखाल कोरडी आणि उंच जागा म्हणजे माझं डोकं. तुडीलला खतीजाच्या घरीही अशाच दोन आहेत, एक तिची आणि एक येसूबाईची. माझ्या डोक्यावर आहे ती खतीजाची.

जड आहे, पण चांगली आहे.